बाप्तिस्म्याच्या पाण्यात नेमके काय बुडते?

ताई, आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात तान्हेपणी आपला बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, झाले, आणि आज आपण अंबाजोगाईत शिक्षिका आहात. अलीकडे एका साधना-शिबिरात वक्त्यांनी सांगितले की पाणी हे केवळ निमित्त आहे, खरा बाप्तिस्मा चेतनेचा असतो आणि तो ज्याचा त्याने आतल्या आत घ्यायचा असतो. आपण हे मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, वडीलधाऱ्यांना सांगितले, तेव्हा ही ख्रिस्ती शिकवणच नव्हे, असे उत्तर मिळाले. यांपैकी खरे कोणाचे, आणि ज्या संस्काराची आपल्याला आठवणसुद्धा नाही तो आपला कसा मानायचा, असे आपण विचारले आहे.

मी एकतीस वर्षे मराठवाड्यातील लहानमोठ्या मंडळ्यांत पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होतो. त्यातील बराच काळ बाप्तिस्म्यासाठी आलेल्या माणसांची तयारी करून घेण्यात, आणि बाप्तिस्मा झाल्यानंतर ‘काहीच झाले नाही’ म्हणून परत आलेल्या माणसांबरोबर बसण्यात गेला. त्या अनुभवाच्या बळावर सांगतो की वक्त्यांनी एक फार मोठे सत्य अर्धवट सांगितले आणि वडीलधाऱ्यांनी ते पूर्ण न ऐकताच नाकारले. बाप्तिस्मा हे जाणिवेचे आमूलाग्र परिवर्तन आहे, हा अर्थ कोणी आज बाहेरून आणून चिकटवलेला नाही. तो बायबलच्या नव्या करारात आहे आणि पहिल्या चार शतकांच्या शिकवणीत तर ठायी ठायी आहे. परंतु ते परिवर्तन माणूस स्वतःच्या हाताने करू शकतो, असे मात्र त्या शिकवणीत कोठेही म्हटलेले नाही.

शब्दापासून सुरुवात करू. ‘बाप्तिस्मा’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदापासून आला त्याचा अर्थ बुडवणे असा आहे. गलबत बुडाले, माणूस कर्जात बुडाला, असे सांगतानाही ग्रीक लेखक तोच शब्द वापरीत. आपले कॅथलिक बंधू ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. तो शब्द सुंदर आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे, पण स्नान म्हटले की आपले लक्ष लगेच मळाकडे जाते, आणि मळ धुतला की माणूस तोच राहतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर स्पष्टच म्हटले आहे की बाप्तिस्मा म्हणजे शरीराचा मळ काढून टाकणे नव्हे. प्रेषित पौल, ज्याची पत्रे नव्या करारात आहेत, त्याहून पुढे जातो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो बाप्तिस्म्याला पुरणे म्हणतो: आपण ख्रिस्ताबरोबर त्याच्या मरणात पुरले गेलो आणि नव्या जीवनात चालण्यासाठी उठवले गेलो. म्हणजे हे न्हाणीघर नाही, ही कबर आहे.

मराठीत हे सांगायला एक जुना वाक्प्रचार आहे, आणि वर्गात मी नेहमी तोच वापरीत असे. एखाद्याच्या नावाने आंघोळ करणे म्हणजे तो आपल्याला मेला असे धरणे. मागच्या पिढ्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या नावाने घरच्यांनी आंघोळ केल्याच्या आठवणी आमच्या कितीतरी कुटुंबांत आजही सांगितल्या जातात, आणि त्या सांगताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज अजून बदलतो. त्या आठवणीतील वेदना मला कमी लेखायची नाही. तरीही मी म्हणत असे की नातेवाइकांनी नकळत बाप्तिस्म्याचा खरा अर्थच उच्चारला. बाप्तिस्मा म्हणजे माणसाने स्वतःच्याच नावाने केलेली आंघोळ. ज्या ‘मी’ला तो आजवर आपण स्वतः समजत होता, त्या ‘मी’चे सुतक त्याने धरायचे असते.

मग हा ‘मी’ कोणता? देह तर पाण्याबाहेर येतो, तोच येतो. स्वभावही एका दिवसात पालटत नाही. तापट माणूस पाण्यातून तापटच बाहेर येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. बुडायचा असतो तो कमावलेला ‘मी’: लोकांनी दिलेल्या मानाने आणि अपमानाने, घराण्याने आणि जातीने, जपून ठेवलेल्या जुन्या दुखण्यांनी आणि ‘मी अमुक केले म्हणून मी कोणीतरी आहे’ या हिशेबाने घडलेला. पौल त्याला ‘जुना मनुष्य’ म्हणतो. तो वाईटच असतो असे नाही, पुष्कळदा तो मोठा सज्जन आणि देवभीरू असतो. निकदेम हा यहुद्यांचा एक अधिकारी तसाच होता. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या वृत्तांतात, तो रात्री येशूकडे येतो आणि येशू त्याला जे सांगतो त्यातील ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाईल, असे विचारतो. येशूचा रोख दुसऱ्या अर्थाकडे आहे. जन्म पुन्हा घ्यायचा म्हणजे जुनेच आयुष्य नव्याने चालू करायचे नाही, आयुष्याचा उगमच बदलायचा.

हा उगम कसा बदलतो, हे येशूच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यात, यार्देन नदीच्या काठी, दिसते, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म तेथेच आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील वर्णन अवघ्या तीन वचनांचे आहे. येशू पाण्यातून वर येतो, आकाश विदीर्ण झालेले त्याला दिसते, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि वाणी होते की तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. आकाश ‘उघडले’ असे मार्क लिहीत नाही, ‘फाटले’ असे लिहितो. पुढे येशूच्या मरणाच्या क्षणी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, तेथेही त्याने तेच क्रियापद वापरले आहे. उघडलेले दार पुन्हा लावता येते, फाटलेले तसे मिटत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये जी भिंत आहे असे आपण मनात धरून चालतो, ती यार्देनेत फाटायला लागते आणि क्रुसावर पूर्ण फाटते. शिवाय ही वाणी केव्हा होते ते पाहावे. तोवर मार्काच्या शुभवर्तमानात येशूने एकही आजारी बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. त्याने काही करून दाखवण्याआधीच पित्याचा संतोष त्याच्यावर आहे.

ज्याला हे केवळ ऐकू येत नाही, आत उतरते, त्याच्या जाणिवेचा पायाच हलतो. आपण सगळे उलट्या क्रमाने जगतो. आधी करून दाखवायचे, मग मान मिळवायचा आणि मग कधीतरी निवांत व्हायचे. शिक्षिका म्हणून आपण हे वर्गात रोज पाहत असाल. जे मूल गुण मिळवल्यावरच घरात जवळ घेतले जाते, ते नव्वद गुण मिळवूनही आतून भ्यालेलेच असते. बाप्तिस्मा तो क्रम उलटा करतो. माणूस आधी स्वीकारलेला असतो आणि त्याची सगळी कृती त्या स्वीकारातून वाहते. या परिवर्तनाला मी मोठे नाव देत नाही, पण याहून मोठे परिवर्तन मला माहीतही नाही.

येथे मराठी पवित्र शास्त्रातील एका शब्दाबद्दल बोलले पाहिजे. ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो, त्यात मुळात मनाचे, म्हणजे जाणण्याच्या शक्तीचेच पालटणे अभिप्रेत आहे. ‘पश्चात्ताप’ म्हटले की मागचे आठवून होणारा ताप एवढेच मनात येते. ताप त्यात असतोच, पण तो परिणाम आहे. दृष्टी पालटते, तेव्हा मागचे नव्या उजेडात दिसते आणि मग ताप होतो. बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानाचा योहान वेगळा) यार्देनेकाठी जो बाप्तिस्मा देत होता तो या मनःपालटाचा होता, आणि पौल रोमकरांस सांगतो की मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या. ‘होऊ द्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे मी पुढे परत येईन.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी बाप्तिस्म्याला ‘प्रकाशित होणे’ असे नावच दिले होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन या स्नानाला प्रकाशन म्हणतात असे नोंदवतो आणि कारणही देतो की हे शिकणाऱ्यांची बुद्धी उजळते. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना दिलेली, तेथील बिशप सिरिलच्या नावावर असलेली प्रवचने आज उपलब्ध आहेत. त्यांतून तो विधी डोळ्यांपुढे उभा राहतो. उमेदवार आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेकडे, तोंड करून सैतानाचा त्याग उच्चारीत, मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करीत. अंगावरचे वस्त्र उतरवले जाई, तेलाचा अभ्यंग होई आणि तीनदा पाण्यात उतरणे होई. प्रवचनकार त्यांना सांगतो की त्याच क्षणी तुम्ही मरत होता आणि जन्मत होता, ते पाणी तुमची कबर झाले आणि आईही झाले. मला या प्रवचनांत सर्वांत अधिक शिकवून गेली ती त्यांची वेळ. ती बाप्तिस्म्यानंतर दिलेली आहेत. आधी माणूस पाण्यात उतरे, आणि आपल्याला काय झाले हे त्याला नंतर उलगडून सांगितले जाई. अनुभव आधी आणि अर्थ मागाहून.

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथूनच मिळू लागते. आपल्या बाबतीत हे अंतर आठवड्याचे नसून चाळीस वर्षांचे आहे, एवढाच फरक. पाचव्या शतकातील दियादोखस हा गुरू शिकवतो की बाप्तिस्म्याच्या क्षणापासून कृपा मनाच्या अगदी तळाशी लपून राहते, इतकी की ज्याच्यात ती आहे त्यालाही तिचा पत्ता लागत नाही. माणूस जसजसा देवाकडे वळतो तसतशी ती आपली गोडी त्याला चाखवते. आपल्याकडच्या माणसाला हे विहिरीवरून चटकन समजते. वर्षानुवर्षे उपसा न झालेली विहीर गाळाने भरते, वरून कोरडी दिसते आणि गावात सगळे म्हणतात की हिला पाणीच नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात कोणीतरी गाळ काढायला उतरतो आणि चार परस खाली जिवंत झरा लागतो. गाळ काढणाऱ्याने झरा निर्माण केलेला नसतो. पण त्याने गाळ काढला नसता तर झरा असूनही घर तहानलेलेच राहिले असते. तान्हेपणीचा बाप्तिस्मा हा असा झरा आहे, आणि आपल्याला शिबिरात जे काही हलल्यासारखे वाटले ते बहुधा गाळावर पडलेले पहिले टिकाव आहेत.

विधी आणि आतील पालट एकाच घटकेला घडतात असे नव्या करारात कोठेही ठरवून दिलेले नाही. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात शोमरोनातील शिमोन जादूगार बाप्तिस्मा घेतो आणि लगेच पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैसे देऊन विकत घ्यायला बघतो. त्याचा देह भिजला, हिशेब कोरडाच राहिला. उलट कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पाणी आणण्यापूर्वीच आत्मा उतरतो आणि पेत्राला विचारावे लागते की आता यांना पाण्याची मनाई कोण करू शकेल. पेत्र त्या वेळी ‘आता पाणी कशाला’ असे म्हणत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. शास्त्रांचा एवढा अभ्यास असलेली, सर्व बाजूंनी विचार केल्याशिवाय एक पाऊल न टाकणारी ती विदुषी. तरीही पुढे आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, धर्माचे जीवन जो आहे तो ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. आपल्याला आणखी कोणता धर्म नको होता, हवा होता तो ख्रिस्तच, हे ओळखायला त्यांना इतका काळ लागला. त्या आठ वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन त्याच काळात, 1889 मध्ये सुरू झाले. पाण्याने त्यांच्यावर जो हक्क सांगितला होता तो आत पोहोचायला तेवढा अवकाश लागला, असे मी मानतो.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत किती मोठी होती हे मराठी वाचकाला सांगायला नको. तरी आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. तुकोबांनी आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचे आणि तो सोहळा अनुपम झाल्याचे सांगितले आहे. पौलाचा सहावा अध्याय शिकवताना मला मराठीत याच्याइतके जवळचे काही सापडले नाही. मी दोन्ही एकच आहेत असे म्हणत नाही. विचारणारे कधी पैठणच्या नाथमहाराजांच्या जलसमाधीचीही तुलना करतात. तेथे मात्र मी आदराने फरक दाखवतो: तेथे आयुष्य पूर्ण झालेला संत आपला देह गोदावरीला अर्पण करतो आणि येथे अपुरा माणूस पाण्यात उतरतो व दुसऱ्याच्या हाताने वर काढला जातो.

हा ‘दुसऱ्याचा हात’ शिबिरातील शिकवणीतून सुटला आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. ख्रिस्ती परंपरेत कोणी स्वतःला बाप्तिस्मा देत नाही. प्रत्यक्ष येशूही यार्देनेत योहानापुढे मान वाकवतो आणि योहानाला त्याचा संकोच वाटतो. जेवण आपण आपल्या हाताने जेवतो, प्रार्थना आपल्या तोंडाने करतो, पण बाप्तिस्मा केवळ घ्यायचा असतो, अगदी जन्मासारखा. ‘होऊ द्या’ म्हणतात ते हेच. चेतनेचे परिवर्तन मीच माझ्यावर घडवीन असे ठरवले, की जो ‘मी’ बुडायचा तोच काठावर बसून बुडवण्याचे काम पाहू लागतो आणि काही महिन्यांत ‘मी जागृत झालेलो आहे’ हा नवा दागिना घालून फिरतो. असे दागिने मी पुष्कळ पाहिले. ते जातीच्या अभिमानाहून हलके नसतात.

पाणी अशासाठीही लागते की आपण देह आहोत. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपल्यालाही आठवत असतील. त्या वर्षी एका वस्तीवर एका प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा होता आणि मंडळीत टँकरच्या पाण्यातून राखून ठेवलेला एक तांब्या होता. मला वाईट वाटत होते, कारण एरवी आम्ही त्याला वाहत्या पाण्यात नेले असते. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या ‘दिदाखे’ या लहानशा शिकवणग्रंथात सवलत दिलेली आहे: वाहते पाणी असावे, ते नसेल तर दुसरे, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. तसेच केले. तिसऱ्यांदा पाणी ओतले तेव्हा तो माणूस रडू लागला. नंतर त्याने सांगितले की ज्या तांब्यावर घरात भांडणे होत होती, तो अख्खा तांब्या आपल्या डोक्यावर रिकामा केला गेला आणि कोणी तो मोजला नाही, हे आपल्याला सहन झाले नाही. कृपा या शब्दाचे इतके नेमके विवेचन मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. पाणी निमित्त आहे असे म्हणणाऱ्याने एकदा अशा पाण्यापाशी उभे राहावे. अर्थात क्वेकर आणि मुक्तिफौज या ख्रिस्ती पंथांतील आपले बंधुभगिनी पाण्याशिवाय राहतात, आणि त्यांच्यात आत्मा नाही असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. देव विधीने बांधला गेलेला नाही. आपल्याला विधी लागतो तो आपल्या कमकुवतपणासाठी.

आता, आतील पालट झाला हे ओळखायचे कसे? पुष्कळांना प्रकाश दिसण्याची, अंगाला कंप सुटण्याची, कोणत्यातरी अलौकिक शांतीची अपेक्षा असते. असे अनुभव येतात आणि जातात. मी ते कधी नाकारत नाही आणि त्यांच्यावर काही उभारूही देत नाही. एखाद्याची झोप उडाली असेल, सतत आवाज ऐकू येत असतील, तर त्याला मी प्रार्थनेबरोबरच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. यात श्रद्धेचा कमीपणा नाही. खरी खूण मला फार वेगळ्या ठिकाणी दिसली आहे. परभणीकडचा एक तरुण मोंढ्यात अडतीवर कामाला होता. बाप्तिस्म्यानंतर सहा महिने तो ‘काहीच झाले नाही’ असेच सांगत राहिला. मग एका सायंकाळी आला तो पांढराफटक होऊन. सोयाबीनची पोती काट्यावर चढवताना त्याचा हात शेतकऱ्याच्या नुकसानीच्या बाजूने सवयीने जी लहानशी हालचाल करीत असे, ती त्या दिवशी त्याला दिसली होती. वर्षानुवर्षे तो ते करीत होता, पण हात करीत होता आणि तो स्वतः तेथे नव्हता. आता तो तेथे होता. ‘बाबा, मला माझाच हात दिसला,’ एवढेच तो बोलला. मी त्याला म्हणालो की तुझा बाप्तिस्मा आज पोहोचला. त्याने ती नोकरी सोडली नाही. तेथेच राहून सरळ वजन करू लागला आणि त्याचे परिणामही सोसले.

इजिप्तमधील नाग हम्मादी येथे 1945 मध्ये सापडलेल्या प्राचीन लिखाणांत फिलिपच्या नावाचे एक शुभवर्तमान आहे. ते पवित्र शास्त्राचा भाग नाही, मंडळीने ते स्वीकारले नाही आणि त्यातील बरेचसे मलाही पटत नाही. पण त्यातील दोन प्रतिमा मी विसरू शकत नाही. एकीत देवाला रंगारी म्हटले आहे: चांगला रंग वस्त्राशी एकजीव होतो, तसे देव ज्यांना बुडवतो त्यांचे होते. ज्यांनी पैठणीचे रेशीम रंगवताना पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की रंग वरून लावायचा नसतो, तो धाग्यात शिरावा लागतो. दुसरी प्रतिमा अधिक कठोर आहे. जो पाण्यात उतरून काहीही न घेता वर येतो आणि तरी स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो, त्याने ते नाव व्याजाने घेतले आहे. व्याजाने घेतलेले एक दिवस परत मागितले जाते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही.

आणि आमच्याकडे ते मागितले जाते ते जातीच्या ठिकाणी. गलतीकरांस लिहिताना पौल म्हणतो की ज्यांचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्त परिधान केला आहे, आणि लगेच पुढच्या वचनात यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद उरले नाहीत असे सांगतो. हा समाजसुधारणेचा वेगळा मुद्दा त्याने जोडलेला नाही. जुने वस्त्र उतरले की हे भेदही त्याबरोबर उतरतात, असा सरळ क्रम आहे. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. त्यांनी पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल वसवले, ते मुख्यतः मातंग समाजातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी. एका माणसाच्या जाणिवेत काय बुडाले होते, हे त्या वस्तीच्या जागेवरून कळते. उलट, आज आमच्या कुटुंबांत सोयरीक जमवताना आजोबांची जात हळूच विचारली जाते, तेव्हा मला मनापासून दुःख होते. ध्यानात कितीही खोल उतरलेला माणूस जर ताट वाटून घेताना मागे सरत असेल, तर त्याची चेतना बदलली हे मी मान्य करणार नाही.

आपण काय करावे, हेही विचारले आहे, म्हणून थोडे सांगतो. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचा विचार सोडून द्यावा. जन्म दोनदा नोंदवत नाहीत. पूर्वेकडील परंपरेतील सिमेओन, जो 949 ते 1022 या काळात होऊन गेला, अश्रूंना दुसरा बाप्तिस्मा म्हणतो, आणि तो दुसरा बाप्तिस्मा आपल्याला कितीही वेळा मोकळा आहे. सकाळी तोंड धुताना पहिली ओंजळ डोळे मिटून चेहऱ्यावर घ्यावी आणि ‘मी मेलेली आहे आणि जिवंत आहे’ एवढे मनात म्हणावे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनेही 1529 च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरावलीत जुन्या आदामाला रोजच्या रोज बुडवायला सांगितले आहे. दिवसातून वीस मिनिटे शांत बसून श्वासाबरोबर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही जुनी प्रार्थना म्हणत राहावी. मन भटकले तर रागावू नये, परत यावे. परंतु खरी साधना त्या वीस मिनिटांच्या बाहेर आहे. शाळेत कोणी आपला अपमान केला आणि छातीत काहीतरी आवळले, की उत्तर देण्यापूर्वी एवढेच पाहावे की दुखावले कोण गेले. जिला दुखावले ती यार्देनेतील वाणी ऐकलेली मुलगी आहे, की गुणपत्रिका घेऊन उभी असलेली जुनी? हे पाहताना पहिले काही महिने फक्त हरल्यासारखे वाटेल. येशूलाही पाण्यातून निघताच आत्म्याने अरण्यात नेले आणि चाळीस दिवस तेथे ठेवले, हे मार्क त्याच दमात सांगतो. कोरडेपणा आला म्हणजे चुकले असे समजू नये.

शिबिरातील वक्त्यांना सोडू नये आणि मंडळीलाही सोडू नये. वडीलधाऱ्यांपैकी कोणाशी वाद घालण्याऐवजी रोमकरांसचा सहावा अध्याय त्यांच्याबरोबर बसून सावकाश वाचावा. त्यांना जे माहीत आहे ते त्यांना पुष्कळदा शब्दांत सांगता येत नाही.

आणि एक काम या सुट्टीतच करावे. आपल्या गावच्या मंडळीत बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही असेल. पाळकांना विचारून तीत आपले नाव शोधावे, तारीख उतरवून घ्यावी, आणि त्या दिवशी आपल्याला हातांवर कोणी धरले होते ते विचारावे. त्यांपैकी कोणी म्हातारी अजून असेल तर तिच्याजवळ बसावे आणि पाणी पडल्यावर आपण रडलो होतो का, हे तिला विचारावे. ती सांगेल ते लिहून मला कळवावे. पुढचे आपण तेथून बोलू.